नोंद करावी कशी?

रामकुंडावर बाहेरगावचे एखादे कुटुंब येते. उपाध्ये प्रथम विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" एवढे कळले की वही निघते, पान सापडते आणि पूर्वी येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांची नोंद समोर येते. तिच्याखाली आलेला माणूस आपले व मुलाबाळांचे नाव लिहितो. नामावळीत नवी नोंद पडते. संगणकातील तक्त्यात नोंद घालणे हे याच जातीचे काम आहे. ते कसे होते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

तक्त्याला उभे रकाने व आडव्या ओळी असतात. रकाना म्हणजे एक प्रश्न. ओळ म्हणजे एका माणसाची सारी उत्तरे. माहिती अशा परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्याला अनुसरून डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली जी भाषा पुढे आणली, तीच आजची 'एस्क्यूएल'. तिच्यात नोंदीचे वाक्य असे असते :

इन्सर्ट इंटू बालके (नाव, वडील, आडनाव) व्हॅल्यूज ('मीरा', 'गोविंद', 'जोशी');

'इन्सर्ट इंटू' म्हणजे 'यात घाला'. पुढे तक्त्याचे नाव, कंसात रकाने आणि 'व्हॅल्यूज'नंतर त्याच क्रमाने उत्तरे. मजकूर एकेरी अवतरणात लिहावयाचा, संख्या तशीच.

रकान्यांची नावे गाळूनही हे वाक्य चालते. मग ती लिहिण्याचे श्रम का घ्यावे? उदाहरण आपल्याच राज्यातले घेऊ. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. क्रम ठरला तो बालक, आई, वडील, आडनाव असा. आता तक्ता या क्रमाने नवा आखला, पण रकाने न सांगणारे जुने वाक्य तसेच राहिले, तर काय होईल? काही प्रणाली उत्तरे कमी पडली म्हणून नोंद नाकारतील. काही मात्र 'गोविंद' हे नाव निमूटपणे आईच्या रकान्यात घालतील!

आईचा रकाना रिकामा राहू नये, असा नियम तक्त्यालाच घालून देता येतो. त्याला 'नॉट नल' म्हणतात. परंतु २०२४ पूर्वीच्या ओळींत ते नाव नसेल, तेव्हा सरसकट नियम लागू पडणार नाही. त्यासाठी जन्मतारखेचा रकाना जोडून 'चेक' नावाचा नियम लिहावा : जन्म १ मे २०२४ पूर्वीचा असावा, किंवा आईचे नाव भरलेले असावे. दोन्ही नसल्यास नोंद परत फिरते.

नाव चुकीच्या जागी पडत आहे असे दिसताच उपाध्ये हात थांबवून पुन्हा विचारतात. यंत्राला अशी शंका आपण होऊन येत नाही. ती नियमाच्या रूपाने आपण आधीच लिहून ठेवावी लागते. आणि जो रकाना आखलाच नाही, त्यातले नाव कितीही चोख नोंदी केल्या तरी पुढच्या पिढीला सापडत नाही. म्हणून नोंद करण्यापूर्वी रकाने एकवार वाचून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.