सौरघटातील कर्बाचे विद्युतअग्र

विहिरीला पाणी लागले, तरी पाटावाचून ते पिकापर्यंत पोहोचत नाही. सौरघटाचेही तसेच आहे. सूर्यप्रकाशाने घटात निर्माण झालेली वीज बाहेर आणण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंस वीजवाहक भाग असावे लागतात. त्यांस विद्युतअग्रे म्हणतात.

सौरपंपाची पॅनेले सामान्यतः सिलिकॉनची असून त्यांवरील बारीक रेषा चांदीच्या असतात. पेरोव्हस्काइट या निराळ्या पदार्थाचा घट २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अशा घटांच्या मागील बाजूस प्रयोगशाळेत बहुधा सोने अथवा चांदी वापरतात. सोने महाग पडते. चांदी घटातील आयोडीनच्या संयुगांमुळे गंजते.

यावर कर्ब हा एक उपाय आहे. शिसपेन्सिलीत असते ते ग्राफाइट व बारीक काजळी यांचा लेप करून, कापडावर जाळीतून छाप उठवितात त्याप्रमाणे तो घटावर चढवितात व तापवून वाळवितात. कर्ब आयोडीनने गंजत नाही. शिवाय त्याचा जाड थर ओलाव्यास अडवितो. २०१४ साली चीनमधील वूहान येथे होंगवेई हान यांच्या गटाने असा घट केला. त्याची कार्यक्षमता १२.८ टक्के भरली व तो उघड्या हवेत, पूर्ण प्रकाशात १,००० तासांहून अधिक टिकला.

तथापि उणिवाही ध्यानात घ्याव्यात. मातीच्या पाटात पाणी मुरते, तशी कर्बात धातूपेक्षा अधिक वीज वाया जाते. पॅनेल मोठे, तितकी ही तूट जास्त. पेरोव्हस्काइटमध्ये बहुधा शिशाची संयुगे असतात. घट फुटून ती पाण्यात विरघळल्यास जमीन व विहीर दूषित होण्याचा धोका असतो. शिवाय दिवसाला सहा तास प्रखर ऊन धरल्यास १,००० तास म्हणजे सुमारे साडेपाच महिनेच होतात. सिलिकॉनच्या पॅनेलांस मात्र बहुधा २५ वर्षांची हमी मिळते.

म्हणून “नव्या कर्बाचे स्वस्त पॅनेल” असे कोणी सांगितल्यास शेतकरी बंधूंनी घाईने पैसे गुंतवू नयेत. पॅनेल कशाचे आहे, हमी किती वर्षांची आहे व ती लेखी आहे काय, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. चुलीची काजळी लावून असा घट घरी करता येत नाही, हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजावून सांगावे. फुटलेले पॅनेल कोणत्याही प्रकारचे असो, ते बांधावर किंवा विहिरीजवळ टाकू नये. पुरवठादाराकडे परत द्यावे.