सायकलीचा शॉकअप आणि त्याची घरगुती निगा

सायकलीचे पुढचे चाक ज्या दोन पायांत बसते त्याला आपले मिस्त्री ‘चिमटा’ म्हणतात. जुन्या काळ्या सायकलीचा चिमटा अखंड लोखंडी असे, त्यामुळे तेल-ग्रीसचा प्रश्न हँडलाखालच्या छर्‍यांपुरताच. आता जाड टायरच्या ज्या सायकली आपल्या कॉलेजच्या आवारात उभ्या दिसतात, त्यांचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असतो. वरच्या चकचकीत नळ्या खालच्या नळ्यांत सरकतात आणि आतली स्प्रिंग धक्का झेलते. हाच शॉकअप. ही युक्ती मोटारसायकलीकडून आली. १९३५ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने तेलाने दमन होणारा असा चिमटा आपल्या गाडीला बसविला. सायकलीसाठी तो रुळला १९८९ नंतर, अमेरिकेतील पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीमुळे.

येथे ‘दमन’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. नुसती स्प्रिंग दाबली की ती उसळून परत येते, आणि सायकल बेडकासारखी उड्या मारू लागते. तेल बारीक छिद्रातून जाताना अडते, उसळीची शक्ती उष्णतेत जिरते आणि चाक जमिनीला धरून राहते. आपल्याकडच्या स्वस्त शॉकअपांत बहुधा हे तेल नसतेच. स्प्रिंग आणि ग्रीस एवढाच कारभार.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. धरणाबरोबर नहरी आल्या आणि नहरीच्या काठाने मुरमाचे रस्ते आले. उन्हाळ्यात तेथे बारीक धूळ उडते, तर रोवणीच्या दिवसांत पांदणीचा काळा चिखल चाकाला घट्ट धरतो. शॉकअपचे खरे वैरी हेच दोघे. नळीवर बसलेली धूळ रबरी सीलखालून आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि कानशीप्रमाणे नळी घासू लागते. मग शॉकअप दाबला जात नाही. मिस्त्री म्हणतो, “नवाच टाका.” एसटी चुकल्यावर ज्याला सायकलीचाच आधार आहे, त्याला हा खर्च म्हणजे पुस्तकांच्या पैशांवर पाणी. पुष्कळदा दोष फक्त मळाचा असतो.

रोज घरी आल्यावर वरच्या नळ्या मऊ फडक्याने पुसाव्यात. निम्मे काम एवढ्यानेच होते! धुताना सीलवर पाण्याचा जोराचा झोत मारू नये.

पावसाळा सरला की शॉकअप एकदा खोलावा. पुढचे चाक काढावे, ब्रेक सोडवावा. हवेवर चालणारा शॉकअप असेल तर आधी व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडावी. दाब असताना बोल्ट खोलणे धोक्याचे आहे. पायांच्या तळाशी दोन बोल्ट असतात, ते अ‍ॅलन पान्याने सोडवावेत. बोल्ट नुसताच फिरत राहिला तर शॉकअप दाबून धरून फिरवावा, म्हणजे आतला भाग अडतो. खालचे पाय ओढले की निघतात. आतील काळा चिखट गाळ फडक्याने काढावा. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने रबर फुगते. सीलच्या आतून रबराला चालणारे ग्रीस पातळ लावावे. तेलाचा शॉकअप असेल तर कंपनीने सांगितलेलेच तेल, सांगितले तेवढेच घालावे. बोल्ट बेताने आवळावेत, कारण पाय हलक्या धातूचे असतात आणि आटे लवकर जातात. डिस्क ब्रेक असल्यास तबकडीला तेलाचा हातही लागू देऊ नये.

‘खडखड’ ऐकू आली की शॉकअपलाच दोष देण्याची घाई नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलाखालच्या वाटीवर बोट ठेवल्यास तेथे हालचाल लागली, तर दोष छर्‍यांचा. सीलजवळ दोन नळ्यांच्या मध्ये लागली, तर आतील बुश झिजलेले.

वरच्या नळीचा मुलामा उडून गंज खोल गेला असेल, तर मात्र ग्रीसचा उपयोग नाही. नवी सीलही तो गंज चार दिवसांत कापून टाकील. अशा वेळी साधा अखंड चिमटा बसवून घेण्यात कमीपणा मानू नये. सायकल हलकी होते, आणि कॉलेजच्या वाटेला तो पुरतो. फक्त त्याची उंची जुन्या शॉकअपइतकी पाहून घ्यावी, नाहीतर हँडल खाली झुकते आणि मनगटे दुखू लागतात.