सातबाऱ्यावरून समजून घ्या : स्टॅटिक मेथड आणि इन्स्टन्स मेथड

दिंडोरी : गावातली कॉम्प्युटर शिकणारी मुलं जावा भाषेकडे वळली की एका ठिकाणी हमखास अडखळतात. स्टॅटिक मेथड कोणती आणि इन्स्टन्स मेथड कोणती? घरातला सातबारा समोर घेतला तर उत्तर सोपं आहे.

सातबाऱ्याचा कोरा नमुना म्हणजे ‘क्लास’. त्यात गट नंबर, खातेदार आणि क्षेत्र भरलं की एका शेताचा सातबारा तयार होतो. तो झाला ‘ऑब्जेक्ट’, म्हणजेच ‘इन्स्टन्स’. मेथड म्हणजे प्रोग्रॅमला सांगायचं काम.

इन्स्टन्स मेथड

‘एकूण क्षेत्र सांग’ हे काम घ्या. लागवडीयोग्य क्षेत्र १ हेक्टर १० आर आणि पोटखराबा १० आर असेल, तर उत्तर १ हेक्टर २० आर. शेजारच्या गटाचं उत्तर वेगळं येणार. कारण हे काम त्या-त्या सातबाऱ्यातली माहिती वाचून होतं.

स्टॅटिक मेथड

‘आरचे गुंठे करून दे’ हे काम वेगळं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर. शेत दिंडोरीचं असो की वणीचं, हिशोब तोच. १२० आर दिले की सुमारे ११८.६ गुंठे, म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे. इथे कोणाचाही सातबारा लागत नाही, फक्त आकडा द्यायचा. जावामधली वर्गमूळ काढणारी तयार मेथडही अशीच स्टॅटिक आहे.

गफलत कुठे होते?

तलाठी कार्यालयात जाऊन नुसतं ‘क्षेत्र किती?’ विचारलं तर समोरून ‘गट नंबर सांगा’ असंच म्हणणार. स्टॅटिक मेथडमधून थेट इन्स्टन्स मेथड बोलावली तर जावाही असंच अडवते आणि एरर दाखवते. मग घाईत मुलं सगळ्यालाच स्टॅटिक करून टाकतात. एरर जाते, पण खरं नुकसान तिथेच होतं. स्टॅटिक माहितीची प्रत सगळ्यांत मिळून एकच असते. क्षेत्र स्टॅटिक ठेवलं तर दुसऱ्या शेतकऱ्याचा आकडा भरताच पहिल्याचा पुसला जातो आणि दोघांच्या नावावर एकच क्षेत्र दिसतं. एररही येत नाही, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

म्हणून मेथड लिहिण्याआधी एकच विचारायचं : हे काम करायला ‘कोणाचं?’ हे कळायला हवं का? हवं असेल तर इन्स्टन्स, नको असेल तर स्टॅटिक.