घर बदलायला वेळ का लागतो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राहते घर बदलण्याच्या प्रक्रियेत तीन व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात: मालकी एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणे, पैशांची देवघेव पूर्ण होणे आणि ताबा मिळून सामान हलणे. यांपैकी शेवटचा तेवढा डोळ्यांना दिसतो, म्हणून घरबदलाचा अंदाज बहुधा त्यावरूनच बांधला जातो आणि तो चुकतो. महाराष्ट्रातील शहरांत पुनर्विक्रीची सदनिका, म्हणजे विकासकाऐवजी आधीच्या मालकाकडून घेतलेली सदनिका, कर्ज काढून विकत घेताना उर्वरित रक्कम देण्यासाठी करारनाम्यात ४५, ६० किंवा ९० दिवसांची मुदत लिहिलेली आढळते. ही मुदत कशात खर्च होते आणि कधी अपुरी पडते, हे समजण्यासाठी काही रूढ समजुती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

गैरसमज: सर्वाधिक वेळ सामान हलवण्यात जातो.

वस्तुस्थिती: एकाच शहरातल्या दोन-तीन खोल्यांच्या घराचे सामान बांधून, वाहून, उतरवून घेण्याचे काम सहसा एका दिवसात आटोपते. तेथे अडचण येते ती वेळापत्रकाची, कारण अनेक सोसायट्या सामानासाठी लिफ्ट ठरावीक तासांतच वापरू देतात, काही ठिकाणी अनामत रक्कम आधी भरावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी सामान हलवू दिले जात नाही. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी आणि गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आसपास मागणी एकवटते. उलट पितृपक्षात अनेक कुटुंबे नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. मात्र ही सर्व कारणे आधीपासून माहीत असतात आणि त्यांमुळे होणारा उशीर दिवसांत मोजता येतो. महिने जातात ते कागदपत्रांत.

गैरसमज: इसार दिला की घर पक्के झाले आणि राहायला जाण्याची तारीख ठरवता येते.

वस्तुस्थिती: इसार म्हणजे व्यवहाराची तयारी दर्शवण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीचा नुसता करार मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करत नाही, त्यामुळे इसारपावतीने मालकी बदलत नाही, फक्त वचनाचा पुरावा राहतो. खरी तपासणी बहुधा त्यानंतर सुरू होते आणि विलंबाची बीजेही तेव्हाच सापडतात. सदनिकेच्या आजवरच्या प्रत्येक विक्रीचा मूळ नोंदणीकृत करार, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत कागदपत्रांची साखळी, सलग असावी लागते; एखादा जुना करार हरवलेला किंवा कमी मुद्रांक शुल्काचा निघाला, तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस किंवा तुटीच्या शुल्काचा भरणा अशी कामे वाढतात. मूळ मालकाचे निधन झाले असेल, तर केवळ नामनिर्देशित व्यक्तीच्या सहीवर विक्री करता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जोडलेल्या प्रकरणानुसार अशी व्यक्ती तात्पुरती सभासद ठरते, तर मालकी कायदेशीर वारसांकडे जाते, आणि ते वारस एकापेक्षा अधिक व वेगवेगळ्या गावी असले की प्रत्येकाची संमती मिळवण्याचे काम उभे राहते.

गैरसमज: सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याशिवाय सदनिका विकताच येत नाही.

वस्तुस्थिती: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचा ना-हरकत दाखला आवश्यक नाही. सभासदाने आपले भाग व हितसंबंध हस्तांतरित करण्याच्या इराद्याची १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. कोणी दाखला मागितलाच, तर समितीने त्या अर्जाचा विचार एका महिन्यात करावा, असे तेच उपविधी सांगतात. नव्या मालकाच्या सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत काहीच कळवले नाही, तर त्याला सभासद करून घेतल्याचे कायद्याने मानले जाते, म्हणून समितीच्या मौनाने व्यवहार कायमचा अडत नाही. हस्तांतरण अधिमूल्यावरून, म्हणजे सभासद बदलताना संस्था आकारते त्या रकमेवरून, होणाऱ्या ओढाताणीलाही मर्यादा आहे, कारण ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानुसार महानगरपालिका क्षेत्रात ही रक्कम जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे.

तरीही दाखल्यावाचून व्यवहार थांबल्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे कारण असे की, कर्ज देणारी बँक स्वतःच्या सुरक्षेसाठी हा दाखला मागते, तर समितीची बैठक महिन्यातून एकदा होते आणि थकीत देखभाल खर्चाचा हिशोब मिटेपर्यंत दाखल्यावर सह्या होत नाहीत. येथे कायद्याची अट आणि बँकेची अट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात घेतले तर अर्ज वेळेवर करण्याचे महत्त्व कळते. मात्र कायद्याने परवानगी लागत नाही, या नियमाला एक खरा अपवाद आहे. भाडेपट्ट्याने मिळालेल्या, सिडको या नगरविकास महामंडळाच्या भूखंडावरील किंवा शासनाने सोसायटीला दिलेल्या, भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या जमिनीवरील इमारतीत संबंधित प्राधिकरणाची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी ही कायदेशीर गरज असते आणि ती मिळवण्यात जाणारा काळ करारातील मुदतीत आधीच धरावा लागतो.

गैरसमज: कर्ज मंजूर झाले म्हणजे पैसे हातात आले.

वस्तुस्थिती: मंजुरीपत्र कर्जदाराची परतफेडीची क्षमता पाहून दिले जाते, रक्कम वितरित होते ती मालमत्तेची छाननी झाल्यावर. या टप्प्यात बँकेचा वकील मालकीचा पूर्वेतिहास शोधून अहवाल देतो, मूल्यांकक सदनिकेची किंमत ठरवतो आणि मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष बांधकाम जुळते की नाही हे पाहिले जाते. मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले, तर कर्जाची रक्कम घटते आणि फरक स्वतःच्या पैशांतून उभा करण्यासाठी खरेदीदाराला वेळ लागतो.

सर्वांत किचकट स्थिती विक्रेत्याचेच कर्ज चालू असते तेव्हा निर्माण होते. त्याची मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेत असतात, ती सोडवायला पैसे लागतात, पैसे खरेदीदाराच्या बँकेकडून यायचे असतात आणि ती बँक कागदपत्रांची यादी व थकबाकीचे पत्र पाहिल्याखेरीज धनादेश काढत नाही. दोन बँकांनी आळीपाळीने पावले टाकल्यावरच ही गाठ सुटते. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकामुळे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकांना बंधनकारक झाले असून, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दरदिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. परंतु हे ३० दिवसही खरेदीदाराच्या वेळापत्रकात मोजावेच लागतात.

गैरसमज: दस्त नोंदणीच्या कार्यालयातच सगळे रखडते.

वस्तुस्थिती: दुय्यम निबंधक, म्हणजे दस्तांची नोंदणी करणारा शासकीय अधिकारी, याच्यासमोरचे काम कागद तयार असल्यास काही तासांचे असते, कारण मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरता येते आणि दस्ताची माहितीही आधीच भरून ठेवता येते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो आणि टाळता न येण्याजोग्या कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांची सवलत मिळू शकते. दिवस वाया जातात ते सही करणारे सर्वजण एकत्र हजर नसल्यामुळे. परदेशी राहणाऱ्या विक्रेत्याचे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा दस्त, तेथे साक्षांकित करून राज्यात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. कराचा भागही येथेच गुंततो. विक्रेता निवासी असेल आणि किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल, तर कपात याहून बरीच जास्त होते आणि ती कमी व्हावी म्हणून त्याला आयकर विभागाकडून प्रमाणपत्र आणावे लागते.

गैरसमज: नव्या इमारतीत विकासकाने दिलेली तारीख हीच राहायला जाण्याची तारीख असते.

वस्तुस्थिती: नव्या घरात कायदेशीररीत्या राहता येते ते भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचे नियोजन प्राधिकरणाने प्रमाणित केल्यावर. रंग, फरशा आणि लिफ्ट पूर्ण दिसत असतानाही हे प्रमाणपत्र अडलेले असू शकते. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे स्थावर संपदा (रेरा) कायद्याखालील राज्याचे नियामक प्राधिकरण, कार्यरत आहे आणि त्या कायद्याच्या कलम १८ नुसार करारातील ताब्याची तारीख टळल्यास खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मागता येते किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. हा हक्क नुकसान भरून काढतो, ताबा लवकर आणत नाही. उलट बाजूने, भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेण्याचे बंधन खरेदीदारावरही आहे.

या सर्व वस्तुस्थितींतून एक समान सूत्र निघते: कामाचा वेग क्वचितच प्रश्न ठरतो; ज्या कागदाची गरज शेवटी पडते, तो नाही हे शेवटीच कळते आणि त्यातून विलंब उद्भवतो. कागदपत्रांची साखळी, वारसांची स्थिती, जमिनीचा प्रकार, विक्रेत्याची थकबाकी आणि त्याचे निवासी किंवा अनिवासी असणे या पाच गोष्टी इसार देण्यापूर्वी विचारता येतात, तसेच सोसायटीचा अर्ज, कर्जाची छाननी आणि दस्ताचा मसुदा ही कामे एकामागून एक न करता एकाच वेळी चालवता येतात. करारनाम्यात मुदत लिहिताना ती सहीच्या दिवसापासून न मोजता विक्रेत्याने आवश्यक कागद दिल्याच्या दिवसापासून मोजली, तर दुसऱ्याच्या उशिराचा भुर्दंड खरेदीदारावर पडत नाही. भाड्याचे घर सोडण्याची सूचना मात्र उर्वरित रक्कम वितरित होण्याची तारीख बँकेने निश्चित केल्यावरच द्यावी, कारण जुन्या घराचे महिनाभराचे जादा भाडे हे दोन घरांच्या मधोमध अडकलेल्या कुटुंबाच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच असते.