तुमचं बोलणं पडद्यावर जातं तेव्हा...

शेतकरी बंधू-भगिनींनो, विद्यापीठातला एखादा विद्यार्थी वही आणि मोबाईल घेऊन तुमच्या ओट्यावर येऊन बसलेला तुम्ही पाहिला असेल. तो चहा घेतो, तासभर बोलतो, बोलणं रेकॉर्ड करतो आणि निघून जातो. पुढं त्या बोलण्याचं काय होतं, हे आपण विचारत नाही. ते विचारायला हवं.

संशोधनाची नेहमीची रीत अशी, की अंदाज आधी बांधायचा आणि तो खरा की खोटा हे तपासायला प्रश्नावली घेऊन गावात यायचं. म्हणजे बी घरून आणून तुमच्या रानात पेरून बघायचं. दुसरी रीत आहे 'ग्राउंडेड थिअरी'. हिच्यात रानात काय उगवलंय ते आधी बघायचं आणि त्यावरून सिद्धांत मांडायचा. बार्नी ग्लेसर आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली पुस्तक लिहून ही रीत मांडली. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत मरणपंथाला लागलेल्या रुग्णांभोवती लोक कसे वागतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून चार तऱ्हा निघाल्या. रुग्णाला काहीच ठाऊक नसतं. त्याला नुसती शंका असते. सगळ्यांना ठाऊक असतं पण कुणीच बोलत नाही. आणि सगळं उघड असतं. तिसरी तऱ्हा तर आपल्या ओळखीची! घरावर कर्ज किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जेवताना कुणी विषय काढत नाही.

आता हे काम चालतं कसं, ते बघा. समजा, एक शेतकरी म्हणाला, "मार्च आला की उसनवारी करून सोसायटी भरायची आणि पुन्हा उचलायची. नवं-जुनं करायचं." संशोधक हा 'नवं-जुनं' शब्द जसाच्या तसा टिपून ठेवतो. दुसऱ्यानं पैसे आडत्याकडून आणले, तिसऱ्यानं सासुरवाडीहून. कांद्याची प्रतवारी करताना आपण एक नंबर वेगळा आणि गोल्टी वेगळी काढतो ना, तशी ही बोलणी एकमेकांशी ताडून पाहायची. मग पुढं कुणाला भेटायचं ते त्यातूनच ठरतं; इथं सोसायटीच्या सचिवाला भेटावं लागेल. नव्या माणसाच्या बोलण्यातून नवं काही निघेनासं झालं, की थांबायचं. शेवटी निष्कर्ष असा निघू शकतो, की कागदावर वसुली झाली, पण माणसाचं कर्ज फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेलं.

हे सगळं मग परिषदेत मांडलं जातं. २०२० साली कोरोना आला आणि परिषदा संगणकाच्या पडद्यावर भरू लागल्या. आजही बऱ्याच तशा भरतात. बोलायला दहा-पंधरा मिनिटं, मग प्रश्न. तुमच्या घरातलं पोर असं काही मांडणार असेल, तर त्याला सांगा, पन्नास चित्रं दाखवू नकोस. एकच बोलणं घे आणि त्या बोलण्यापासून निष्कर्षापर्यंत कसा पोचलास, ते दाखव. "किती शेतकरी भेटले?" असं कुणी विचारेलच. नुसता आकडा सांगू नकोस. नवं निघायचं कधी थांबलं, तेही सांग. टक्केवारी मात्र फेकू नकोस, ती या कामातून निघतच नाही. आणि ऐनवेळी वीज गेली तर काय, याची सोय आधी करून ठेव.

पण बंधूंनो, खरी गोष्ट पुढंच आहे. असं भाषण अनेकदा रेकॉर्ड होतं, पडद्याचा फोटो कुणीही काढू शकतो. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला असं नाही. 'अमुक तालुक्यातल्या, दोन बोअर फेल गेलेल्या माजी महिला सरपंच' एवढं लिहिलं, तरी पंचक्रोशी ओळखते. कर्जाची गोष्ट सावकाराच्या किंवा सोयऱ्याच्या कानावर गेली, तर भोगायचं कुणी?

म्हणून बोलण्याआधी चार गोष्टी विचारा. रेकॉर्ड कोण ऐकणार? नावाबरोबर गाव आणि खुणा झाकणार का? फोटो दाखवणार का? आणि नको वाटलं, तर माझं बोलणं काढून टाकणार का? सरळ उत्तर मिळालं नाही, तर "नाही" म्हणायला लाजू नका.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेबांनाही एक विनंती. विद्यार्थ्याचं पत्र बघा, त्याला मदत जरूर करा, पण मुलाखतीला शेजारी खुर्ची टाकून बसू नका. तुम्ही बसलात की माणूस खरं बोलत नाही. काम झाल्यावर मात्र त्याला ग्रामसभेत बोलवा. परिषदेत जे मांडलं ते इथं मराठीत सांग म्हणावं. चुकलं असेल तर गावच दुरुस्त करील.

दाणा आपल्या रानातला आहे. त्याची रास कुणाच्या खळ्यावर पडली, हे आपल्याला कळायलाच हवं.