हॉटेलात जेवायला जाताना शुगरची गोळी कधी घ्यावी?

मुलीचा पहिला पगार झाला की ती आईबापाला फोर्टातल्या एखाद्या झगमगीत हॉटेलात नेते. जरूर जा. पण घरात मधुमेही असेल तर गोळीची वेळ सांभाळा.

आपल्या बाया जेवणाआधीची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचूनच घरून निघतात. मग सीएसएमटीपासून काळा घोड्यापर्यंत चालणं, दारात टेबलासाठी थांबणं, ऑर्डर यायला आणखी अर्धा तास. चालण्याने साखर उतरते, औषधानेही उतरते, पोटात मात्र काही नाही. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

म्हणून ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत न्या, ताट समोर आल्यावर घ्या. (नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी.) इन्सुलिन जेवणाच्या किती आधी, हे त्याच्या प्रकारावर ठरतं, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

“शुगर आहे, आधी एक रोटी आणा” हे टायवाल्या वेटरला सांगायला आपण लाजतो. कशाला लाजायचं? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे. आपण तिथे हक्काने बसतो, वर बिलही भरतो. तरीही रोटीला उशीर होईलच, तेव्हा पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या.