चढावर हीटर का रुसतो?
अमेरिकेत १९८० व १९९०च्या दशकांत तयार झालेल्या अनेक मोटारींत हीटरच्या हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा इंजिनाच्या निर्वातावर, म्हणजेच व्हॅक्यूमवर, चालतात. जुनी रबरी नळी चिरली की निर्वात गळतो आणि बटण कोठेही फिरवले तरी हवा समोरच्या काचेकडेच वळते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निर्वात घटतो. म्हणून दोष प्रथम तेथेच जाणवतो.

इंजिन सुरू असताना फुसफुस ऐकू येते का, ते पाहावे. मग इंजिन थंड होऊ देऊन इनटेक मॅनिफोल्डपासून निघणारी प्रत्येक नळी तपासावी. चिरलेल्या नळीच्या जागी तेवढ्याच आतील व्यासाची नवी नळी बसवावी.

मात्र ब्रेकचे पेडल कडक लागत असेल, तर गाडी हलवू नये, मेकॅनिकला बोलवावे. ब्रेकचा बूस्टरही याच निर्वातावर चालतो.